केंद्रातला एकमेव धड कोट

तपासणीला आलेल्या साहेबांनी बंबाची नळी दोन्ही हातांनी ताणून पाहिली, ठिगळांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चालेल की अजून दोन वर्षं."

केंद्रप्रमुखाने ओठ आवळले. छोट्या गावांच्या अग्निशमन केंद्रांना सरकारी अनुदान मिळायचं ते याच साहेबांच्या सहीवर. तीन वर्षं तो नव्या नळ्यांसाठी अर्जावर अर्ज करत होता आणि दरवेळी काहीतरी खुसपट निघत होतं. आज कुठे साहेब जातीने आले होते.

"आगीचे कोट दाखवा."

धड असा एकच होता, प्रमुखाचा. साहेबांनी तो हौसेने स्वतःच्या अंगावर चढवला. "जड आहे हो!" म्हणून हसले, तेवढ्यात फोन खणखणला. शेजारच्या गावात गादीच्या कारखान्याला आग लागली होती.

"मीही येतो. तुमचं काम तरी बघू." कोट काढून घ्यायला सवड कुणाला होती!

बंब चालवायला प्रमुखाचा मेहुणा. त्याने भरधाव नेला, तरी पोचेपर्यंत खालचा कापूस धडधडत होता. वरच्या खिडकीत गादीवाल्याची बायको खोकत उभी होती. जिना भिजवला तरच वर जाता येणार होतं.

"सोड पाणी!"

नळी फुगली आणि पहिल्याच ठिगळापाशी फाटली. पाणी रस्त्यावर उसळलं. नळीच्या तोंडातून आली ती करंगळीएवढी धार. मेहुण्याने कमरेचा पट्टा काढून फाटलेल्या जागी आवळला, तर पुढचं ठिगळ उसवलं. प्रमुख ओला रुमाल तोंडाला बांधून तसाच जिन्यात शिरला. चौथ्या पायरीवर भुवया जळाल्या, शर्टाची बाही पेटली, तो गडगडत खाली आला. वरून एक लांब किंकाळी आली. मग छप्परच आत बसलं.

रस्त्यावर जमलेली गर्दी पुढे सरकली. मग गादीवाल्याच्या भावाने बोट दाखवलं. "तो कोटवाला! हाच यांचा प्रमुख! मजा बघत उभा होता!"

लोखंडी गजाचा पहिला फटका साहेबांच्या तोंडावर बसला. दात रक्तासकट रस्त्यावर पडले. मग सगळेच तुटून पडले. कुणी बरगड्यांत लाथा घातल्या, कुणी नळीचं पितळी तोंड उचलून टाळक्यात हाणलं.

"मी यांच्यातला नाही हो!" साहेब ओरडत होते. ऐकतंय कोण?

प्रमुख दहा पावलांवर होता, काजळीने माखलेला, साध्या शर्टात. त्याला कुणी ओळखलं नाही. आणि तो जागचा हलला नाही. खाऊ दे, त्याला वाटलं. खाऊ दे अजून.

"दाजी!" मेहुणा किंचाळला. "मरतील ते!"

तेव्हा कुठे तो भानावर आला. गर्दीत घुसला आणि साहेबांच्या अंगावर पालथा पडला. "प्रमुख मी आहे! मला मारा!"

त्यांनी मारलं. गजाने उजवा कोपर फुटला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. पोलीस आले तेव्हा दोघेही शुद्धीवर नव्हते.

दवाखान्यात खाटा शेजारीशेजारी मिळाल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी टाके घातलेल्या ओठांतून विचारलं, "तुम्ही तिथेच होतात. मग इतका उशीर का केलात?"

खोटं बोलणं सोपं होतं. "बघत होतो, साहेब," तो म्हणाला. "बरं वाटत होतं."

साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "नळी चालणार नाही, हे माझ्या हाताला कळलं होतं."

नव्या नळ्या महिन्याभरात आल्या. प्रमुखाचा कोपर वाकेना, म्हणून त्याला फोनपाशी बसवलं. पुढची आग लाकडाच्या वखारीची, ती मेहुण्याने विझवली. संध्याकाळी तो बहिणीकडे जेवायला आला आणि रंगात येऊन सांगू लागला, पाण्याचा जोर कसा छातीला धक्के देत होता, आतली पाचही माणसं कशी चालत बाहेर आली.

"शाब्बास रे!" प्रमुख म्हणाला. मनापासून म्हणाला. मग डाव्या हातातला घास ताटात ठेवून उठला आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. बायकोने दोनदा हाक मारली. आतून फक्त नळाचा आवाज येत होता.