अण्णाजींचे अर्धे राहिलेले वाक्य

मित्रांनो, माझ्या झाकणाचा डावा कोपरा फुटलेला आहे आणि 'अ' ची कळ इतकी झिजली आहे की तिच्यावरचे अक्षर आता दिसतही नाही. मी एक लॅपटॉप आहे. वय वर्षे बारा. आमच्यात एवढे वय म्हणजे म्हातारपणच म्हणायचे.

माझी उमेदीची वर्षे पुलगावच्या एका छापखान्यात गेली. तिथे मोहिनी नावाची मुलगी माझ्यावर लग्नपत्रिका आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रके जुळवत असे. काम वेळेत झाले की मालक माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे नवे संगणक आले आणि मी कपाटावर गेलो. तिथे दोन वर्षे मी धूळ खात पडलो होतो. एकदा साफसफाई निघाली तेव्हा मालकांनी मला मोहिनीला देऊन टाकले. तिने माझ्यातली जड झालेली जुनी प्रणाली काढली आणि लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी प्रणाली बसवली. अंगावरचे ओझे उतरावे तसे मला वाटले.

मोहिनीने मला नालवाडीला आपल्या घरी नेले, ते तिच्या वडिलांसाठी. अण्णाजी भाजीपाला पिकवणारे शेतकरी. मेथी, पालक, वांगी काढून वर्ध्याच्या बाजारात न्यायचे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत राहायचे, अशी त्यांची ख्याती होती. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावे लागले. आवाज कायमचा गेला. आता ते माझ्यावर टाइप करत आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवत असे. माझा आवाज यांत्रिक, 'ळ' मला नीट जमत नाही, पण ते माझ्यातून बोलत.

पहिल्या दिवशी त्यांनी बायकोला, भागीरथाबाईंना, सांगितले, "भाजीत मीठ कमी हाय." भागीरथाबाई उठल्या, मिठाचा डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "आजून काही बोला."

मित्रांनो, छापखान्यातल्या सगळ्या शाबासक्या एकीकडे आणि तो दिवस एकीकडे.

काही महिन्यांनी माझी जुनी बॅटरी निकामी झाली. मोहिनीने नवी बसवली आणि तिथून माझे ग्रह फिरले. चार्जरच्या वायरीपासून दूर, अंगणात किंवा शेतात, अण्णाजी बोलू लागले की पडद्यावर पाटी यायची, 'बॅटरी संपत आली आहे, दोन मिनिटे शिल्लक.' आणि पाठोपाठ मी बंद पडायचो. दुकानातला मिस्तरी म्हणाला, याच्यात आता काही राहिले नाही, भंगारात घाला. अण्णाजींना मात्र वाटले की आपणच फार बोलतो, म्हणून बॅटरी संपते. ते शब्द वाचवू लागले. 'हो', 'नाई', 'ठेव', 'नंतर'. एवढ्यावर दिवस निघू लागले. भागीरथाबाई काही विचारायच्या आणि ते नुसती मान हलवायचे.

खरा घोळ झाला तो बापूरावांच्या बाबतीत. बापूराव म्हणजे शेजारच्या शेताचे मालक आणि अण्णाजींचे बालमित्र. पायांनी अधू झालेले, तरी रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे. एका संध्याकाळी ते उंबरा चढताना कळवळले. ते पाहून अण्णाजींनी घाईघाईने टाइप केले आणि मी वाचू लागलो, "बापूराव, तू आता माह्या घरी येत जाऊ नोको..."

आणि मी बंद पडलो.

पुढचे शब्द माझ्या पोटातच राहिले. बापूराव उंबऱ्यावरूनच मागे फिरले. अण्णाजी हात हलवून काहीतरी सांगत होते, पण त्यांनी पाहिले नाही. काठी उचलून ते चालते झाले. मला चार्जर लावून सुरू करेपर्यंत गल्ली रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई त्यांच्याकडे जाऊन सारे समजावून आल्या. बापूरावांना ती सारवासारव वाटली. ते म्हणाले, "वैनी, तुमी नोका सांगू. ज्यानं म्हटलं त्यालेच सांगू द्या." चिठ्ठी लिहून पाठवावी, तर बापूरावांना वाचता येत नाही आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायला ते तयार नव्हते. असा महिना उलटल्यावर अण्णाजी स्वतः मला काखेत घेऊन त्यांच्याकडे गेले. बापूरावांच्या शेतातल्या घरी वीज नव्हती, म्हणून रात्रभर चार्जिंगला लावून मला काठोकाठ भरले होते. बापूराव खाटेवर पाठ करून बसले. अण्णाजींनी टाइप केले. मी दोन शब्द बोललो, पाटी आली आणि मी पुन्हा मिटलो. बापूरावांनी मागे वळूनही पाहिले नाही.

परत येताना अण्णाजी वाटेतल्या कडुनिंबाखाली दगडावर बसले. त्यांनी मला मांडीवर घेतले. मग रागाने बटण दाबले. आणि मित्रांनो, मी सुरू झालो! चार्जर नाही, वीज नाही, तरी सुरू झालो. कोपऱ्यात आकडा होता, एक्क्याण्णव टक्के. अण्णाजी त्या आकड्याकडे पाहतच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मोहिनीला समोर बसवले, चार्जर लावला आणि टाइप केले. माझ्यावरचा आरोप मला माझ्याच आवाजात वाचावा लागला. "हा खोटं बोलून राह्यला. बॅटरी भरलेली हाय अन् संपली म्हनते."

त्यानंतरच्या रविवारी मोहिनी सकाळपासून माझ्यापाशी बसली. इतरांनी अशा दुखण्यावर काय केले ते तिने शोधून वाचले. दोष पकडला तो असा. माझ्यात बॅटरीवर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे. बॅटरी किती टक्के उरली यावर तो निर्णय घेऊ शकतो, किंवा किती मिनिटे पुरेल या अंदाजावर. तो मिनिटांवर चालत होता. माझा आवाज सुरू झाला की नवी बॅटरी क्षणभर भलताच खर्च दाखवायची, त्या हिशोबाने दोन मिनिटेच उरायची आणि प्रोग्रॅम घाबरून मला झोपवायचा. टक्के खरे होते, मिनिटे खोटी होती.

मोहिनीने त्याची सेटिंगची फाइल उघडली. टक्क्यांवर निर्णय घ्यायचा का, अशा अर्थाच्या ओळीपुढे 'नाही' होते, तिथे तिने 'हो' केले. वीस टक्क्यांवर इशारा द्यायचा, दहावर पुन्हा सांगायचे आणि पाच उरले तरच झोपायचे, असे आकडे भरले. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि चार्जर काढून घेतला.

"बाबा, आता बोलत राहा," ती म्हणाली. "पाहू किती वेळ चालते."

अण्णाजींची बोटे कळांवर अधांतरी राहिली. इतके दिवस शब्द वाचवून त्यांची बोलायची सवयच गेली होती. भागीरथाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "काही सुचत नसन तं माह्याशी भांडा. पन बोला."

मग ते बोलले. कोबीच्या रोपांना पाणी कमी पडते इथपासून भागीरथाबाईंच्या भावाने सात वर्षांपूर्वी नेलेली कुदळ अजून परत केली नाही इथपर्यंत. भागीरथाबाईंनीही माहेरची बाजू सोडली नाही. मोहिनी दर पंधरा मिनिटांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टक्के लिहीत होती. दोन तास झाले तरी मी जागा होतो. बरोबर वीस टक्क्यांवर एकदा इशारा दिला आणि पुढेही बोलत राहिलो. मोहिनीने पेन खाली ठेवले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता.

दुपारी मला चार्ज करून अण्णाजी पुन्हा मला घेऊन बापूरावांकडे गेले. खरे सांगतो, मी घाबरलो होतो. बापूराव आजही पाठ करूनच बसले. अण्णाजींनी सावकाश टाइप केले आणि मी बोलू लागलो.

"बापूराव, तू आता माह्या घरी येत जाऊ नोको. तुये गुडघे दुखतेत. मीच रोज तुयाकडे येत जाईन. मले डॉक्टरनंही चालाले सांगतलं हाय."

कुठलीही पाटी आली नाही. मी शेवटचा शब्द पुरा बोललो.

बापूराव हळूहळू वळले. आधी माझ्याकडे पाहिले, मग अण्णाजींकडे. "येवढंच होतं?" त्यांनी विचारले.

"येवढंच," मी अण्णाजींच्या वतीने म्हणालो.

बापूरावांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. ते म्हणाले, "दीड महिना झाला रे. संध्याकाळ झाली का हा पाय आपोआप तुयाच घराकडे वळे." मग खाटेवर सरकून त्यांनी जागा केली. "बस. अन् आता मले बोलू दे. माह्यं लय साचलं हाय."

मग तासभर बापूरावच बोलले. मी अण्णाजींच्या मांडीवर गप्प होतो. मधूनच त्यांची बोटे दोन शब्द टाइप करत, मी ते म्हणत असे आणि दोघे मित्र हसत. अण्णाजींच्या हसण्याला आवाज नाही, पण मांडी हलते, त्यावरून मला कळते.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी यंत्रे चुकीचे बोलू लागली तर लगेच भंगारात काढू नका. थोडा वेळ द्या, दुखणे कुठे आहे ते शोधा. कधी कधी ते एका ओळीत असते. आमच्यावरची धूळ पुसा, उन्हात ठेवू नका, आम्ही तुम्हाला अजून खूप वर्षे उपयोगी पडू. आणि कोणाचे बोलणे मध्येच तुटले तर थोडे थांबा, पुढचे शब्द येऊ द्या.

आता माझी गोष्ट पुरे करतो. अण्णाजींनी दोन्ही हात कळांवर ठेवले आहेत आणि भागीरथाबाई पीठ मळता मळता त्यांच्याकडे पाहत थांबल्या आहेत.