बाटलीतलं विष

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मलमबाबा एका बाईच्या हाताची पट्टी सोडत होते. आतला कापूस निळा-हिरवा निघाला, पिकल्या द्राक्षांसारखा वास सुटला आणि सगळा हॉल धन्य झाला.

"विष उतरतंय," बाबा म्हणाले. "मलम लावलं की तिसऱ्या दिवशी निळं पडतं. मंत्र हाडापर्यंत पोचायला दोन दिवस लागतात."

मंत्र बहुधा पायी जात असावा.

रांगेत माझा धाकटा भाऊ बसला होता. तो वेल्डर. नडगीवर रुपयाएवढं भाजलं होतं. बाबांकडे आठवडा काढल्यावर जखम तळहाताएवढी झाली होती, शिवाय अंगात ताप.

"दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"ताई, तू दिवसभर लोकांची थुंकी तपासतेस. तुला सगळीकडे जंतूच दिसणार."

खरं आहे, मी लॅबमध्ये काम करते. म्हणूनच तो रंग आणि तो वास माझ्या ओळखीचा होता. पण भावाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भावजयीने बाबांनी आपल्या भांड्यातून भरून दिलेली मलमाची डबी माझ्या हातात ठेवली. "वन्सं, काय करायचं ते करा, पण लवकर करा."

जंतू वाढवायचं सूप मी दोन बाटल्यांत भरलं. एकीत मलम तसंच घातलं, दुसरीत उकळून. दुसरी बाटली बाबांपुढे धरली. "हिच्यावर मंत्र म्हणा. पहिलीवर नको."

बाबांनी खुशीत तीनदा म्हटला. मलम उकळलेलं आहे, हे मी सांगितलं नाही. भावाने अट घातली, "मंत्राची बाटली निळी झाली तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही."

दोन दिवस त्याचा ताप चढत राहिला आणि मला जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी भाऊ-भावजयीला घेऊन दोन्ही बाटल्या हॉलमध्ये नेल्या. मंत्राची बाटली पहिल्यासारखीच होती. बिनमंत्राची निळी-हिरवी झाली होती. बूच काढलं, तर तोच द्राक्षांचा वास.

"बाबा, या बाटलीला कुठलं विष बाधलं होतं?"

"दुसरीची श्रद्धा कमी पडली," मागून एक भक्त म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं.

मी भावाकडे वळले. "मंत्राच्या बाटलीतलं मलम मी आधी उकळलं होतं. त्यातले जंतू मेले, म्हणून ती निळी झाली नाही. जंतू थोडे असतात तेव्हा गप्प राहतात. पण प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो. गर्दी वाढली की रसायन दाटतं, त्यावरून त्यांना कळतं, आपण पुरेसे झालो. मग सगळे मिळून मांस कुजवणारं विष सोडतात आणि हा निळा रंगही. म्हणून दोन दिवस काही दिसत नाही. बाबांचं बोट एका जखमेतून मलमात आणि मलमातून दुसऱ्या जखमेत जातं. जंतूंना आयतं वाहन."

भावाने निळी बाटली हुंगली, मग वाकून स्वतःची पट्टी हुंगली. मग बायकोला म्हणाला, "रिक्षा बोलाव."

डॉक्टरांनी कुजलेलं मांस खरवडून काढलं. तो महिनाभर पडून होता. पाय वाचला. त्या हाताच्या पट्टीवाल्या बाईलाही आम्ही दवाखान्यात नेलं, पण तिची दोन बोटं गेली.

जखमेला रंग चढला, वास आला, ताप आला, तर डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर एकच प्रश्न विचारा: याने मंत्र म्हटला नसता, तरी हे घडलं असतं का?