प्रातिनिधिक छायाचित्र

आजोबांनी बटण दाबलं नाही. कानांवरचा हेडफोन काढून गुडघ्यावर ठेवला आणि काचेपलीकडून ते तिच्याकडे टक लावून बघत राहिले. मग बूथचा जड दरवाजा ढकलून बाहेर आले. काखेत वर्तमानपत्र होतं.

"ही तुम्हीच ना?"

पहिल्या पानावर तिचा चेहरा होता. राखाडी स्कार्फ, पुढे काच, काचेमागे दोन स्थिर डोळे. मथळा होता, 'टोळीला आसरा देणाऱ्या महिलेला अटक'. आणि फोटोखाली, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत, 'प्रातिनिधिक छायाचित्र'.

"फोटो माझा आहे, बातमी माझी नाही," ती म्हणाली. "बसा ना आजोबा. डावा कान राहिलाय तुमचा."

"राहू दे तो. दुसरं कोणी आहे का इथं?"

नवी शिकाऊ मुलगी सोडली तर दुसरं कोणी नव्हतं. कानाच्या डॉक्टरांच्या या दवाखान्यात अकरा वर्षं ऐकण्याची तपासणी तीच करत आली होती. "ऐकू आलं की बटण दाबा," हे वाक्य दिवसातून पंधरावीस वेळा म्हणायची, म्हणून पेशंट तिला बटणबाई म्हणत. काम वरवर सोपं. हजार हर्ट्झपासून सुरुवात करायची, ऐकू आलं तर आवाज दहा डेसिबलनं उतरवायचा, नाही आलं तर पाचनं चढवायचा. अवघड होतं ते चेहरा सांभाळणं. माणसं कानांनी कमी आणि समोरच्याच्या भुवईवरून जास्त ऐकतात. तिची पापणी हलली की पेशंटनं बटण दाबलंच म्हणून समजा, मग आवाज असो वा नसो. म्हणून तपासणी चालू असताना ती चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटू देत नसे. ते जमायला तिला पहिलं वर्ष लागलं होतं.

चार वर्षांपूर्वी म्हातारपणातल्या बहिरेपणावर लेख करायला एक फोटोग्राफर आला होता. "तुमचं चालू द्या, मी नाहीच असं समजा," म्हणाला. तिनं तसंच समजलं. मूळ फोटोत मशीन होतं, तिचा डायलवरचा हात होता, बूथमध्ये बसलेल्या पेशंटचा खांदा होता. पुढे कुणीतरी कात्री चालवली आणि नुसता चेहरा उरला. चार वर्षांत वेगवेगळ्या बातम्यांत त्या चेहऱ्याला तीनदा तलाक मिळाला, सात मुलं झाली, एका परक्या युद्धात वैधव्य आलं, आणि दोन निवडणुकांत त्यानं आपलं मत कुणाला ते सांगितलं नाही. खऱ्या आयुष्यात तिचं लग्नही झालेलं नव्हतं. आता अटक झाली होती.

सुरुवातीला अम्मी कात्रणं कापून डब्यात ठेवायची. "फोटो छान आलाय गं, जरा हसली असतीस तर!" भाईजानला मात्र हसू येत नव्हतं. "फोटोला उभी राहिलीसच कशाला? घरातल्या बाईनं असं चव्हाट्यावर बसायचं आणि मग रडायचं. सोड ती नोकरी."

"रडतंय कोण?" ती म्हणाली होती.

दुपारी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. आजोबांनंतर आणखी दोघं तपासणी न करता गेले होते.

"माझं काही नाही हो त्यात. पण पेशंटचं डोकं आपल्या हातात असतं का? थोडे दिवस मागच्या खोलीत बसा, श्रवणयंत्राचे साचे बनवा. पुढे नवी मुलगी बसेल."

"तिला दोन कानांतला फरक नीट काढता येत नाही अजून. चुकीचं यंत्र दिलं जाईल."

"शिकेल."

"तुम्हीच सांगा ना पेशंटना. अकरा वर्षं ओळखता मला."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "त्यापेक्षा असं करा, पेपरवाल्यांकडून लेखी आणा. तुमचा संबंध नाही म्हणून. मग बसा खुशाल पुढे."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती, पण अडचण ती नव्हती. तिथं पेशंटच येत नसत. तपासणीचा कागद घेऊन गेलेलं माणूस यंत्र लावून परत येतं आणि पहिल्यांदा नातवाचं बोलणं ऐकतं, ते तिथून दिसणार नव्हतं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो विभागाच्या बाई फार गोड बोलल्या. पाणी दिलं, खुर्ची दिली. "अहो, आम्ही तर कायम तुमच्या बाजूनंच लिहितो!"

"कोणाच्या?"

"म्हणजे... तुम्हा बायकांच्या." त्या पुढे सरकल्या. "खरं तर तुमचीच मुलाखत करू या का? अर्धं पान. घरातली बंधनं, स्कार्फची सक्ती..."

"स्कार्फ मी स्वतःच बांधते. सक्ती आज झाली, मागच्या खोलीत बसायची. तुमच्या फोटोमुळे. ते छापाल?"

"छापू की! नक्की छापू. फक्त फोटो नवा लागेल. तुम्ही जरा खिडकीकडे बघत..."

"मला दोन ओळींचं पत्र हवंय," ती म्हणाली. "आणि तो फोटो पुन्हा नको. लावायचाच असेल तर पूर्ण लावा, मशीनसकट."

"पूर्ण? तो मग कुठल्या बातमीला चालणार?"

"कानाच्या."

बाई हसल्या. पत्र मात्र टाइप करून, सही-शिक्का मारून दिलं. तिच्यादेखत फोटोवर 'वापरू नये' अशी नोंदही केली. मग घड्याळ बघून पुटपुटल्या, "उद्याच्या पानाला आता दुसरा शोधायला हवा." पडद्यावर चेहऱ्यांची रांगच्या रांग सरकू लागली. सगळे स्कार्फमधले, सगळे कापलेले. एका चेहऱ्यावर बाई थांबल्या. हिरवा स्कार्फ, खाली झुकलेली नजर.

"किती सोसलंय बघा हिनं."

ती वाकून बघत राहिली. "काट्याकडे बघतेय ती. वजनाच्या. कोपऱ्यात पिशवीचा बंद दिसतोय ना? समोरचा बरोबर मोजतोय का, ते बघतेय."

"ओळखता तुम्ही हिला?"

"नाही. पण आकड्याकडे बघताना माणसाचे डोळे असेच होतात. हिला विचारलंय का?"

बाईंनी तेवढ्यात फोन उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. "झालं की काम!" म्हणाले आणि स्वतःच्या हातानं चिकटपट्टीनं ते काचेवर लावलं. 'सदर महिलेचा उपरोक्त गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही.' शेजारी आधीपासून होतं, 'चपला बाहेर काढाव्यात.' ती आपल्या खुर्चीवर बसली. दुपारपर्यंत सहा तपासण्या झाल्या. सहाही जणांनी आधी पत्र वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग हेडफोन घातला.

जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर वर्तमानपत्र पडलं होतं. नवव्या पानावर, तळाशी, तिच्याबद्दलचा खुलासा. पहिल्या पानावर हिरव्या स्कार्फची बाई, वर मथळा, 'चार भिंतींतला कोंडमारा'.

तिनं काउंटरवरचा फोन ओढला.

"पहिल्या पानावरच्या बाईबद्दल बोलायचंय," ती म्हणाली.

"तुम्ही त्याच का?" पलीकडून ऑपरेटरनं विचारलं.

"नाही."

"नातेवाईक?"

तिनं पानावरच्या हिरव्या स्कार्फकडे पाहिलं. "नाही."

"मग तक्रार कशी घेणार ताई? ज्याचा फोटो, त्यानंच यायला लागतं."

"तिला माहीतच नसेल."

"माहीत नाही, तर मग तक्रार कसली?"

"फोटो विभागाला जोडून द्या."

"जेवायला गेलेत सगळे. अर्धा तास लागेल."

"मी थांबते."

"लाइनवर?"

"हो, लाइनवरच."

काउंटरवरच्या मुलीनं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली. डबा न उघडता मांडीवर ठेवला, आणि हाताला रग लागली तेव्हा रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.