डबल बी.ए.

टी.वाय.ला, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सहाही पेपर अर्थशास्त्राचे घ्यायचे, असा शब्द शेलार गावच्या मृणालीने वर्गमैत्रिणीला, सालेहाला दिला होता. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या पाटणकर बाईंची अट होती: दहा जण जमले तरच सहा पेपरांचा वर्ग चालेल. नाहीतर तीन पेपर अर्थशास्त्राचे, तीन दुसऱ्या विषयाचे. म्हणजे डबल मेजर.

"अर्धा विषय घेऊन एम.ए.ला गेलात, तर पहिलं वर्ष बाकीच्यांना गाठण्यातच जाईल," बाई म्हणाल्या होत्या.

दोघींनाही एम.ए. करायचं होतं. सालेहाने सुट्टीभर घरोघरी फिरून वर्गातल्यांना पटवून दिलं आणि दहा जण जमवले.

त्याच सुट्टीत मृणालीचं लग्न दापोड्याच्या धनेशशी ठरलं. धनेशचे वडील केसरीनाथ यांच्या शेतात आता गोदामं होती, आणि उरलेल्या तुकड्यावर ते शाळा बांधत होते. एका सकाळी ते चहाला आले.

"पोरी, दोन विषय घे. मराठी न् तुझा तो हिशोबाचा."

"अर्थशास्त्र हिशोबाचं नसतं, मामा."

"नसंल. पन एका विषयाची मास्तरीन मी काय करू? दोन आसले त दोन वर्ग सांभालशील."

मृणालीच्या वडिलांनी, अनंतांनी, मान डोलावली. "दोन म्हंजे एकापेक्षा जास्तच की."

पाहुणे गेल्यावर तिने आईकडे बघितलं. आई कपबशा उचलत म्हणाली, "लग्न ठरल्यावर पन शिकू देतान तुला. आजून काय पायजे?"

दुसऱ्या दिवशी तिने धनेशला फोन केला.

"दोन डिग्र्या मिळत असतील तर एक कशाला?" तो म्हणाला.

"एकच मिळते. अर्धी-अर्धी."

"लोकांना कुठे कळतंय?"

आपल्या जागी कोणीतरी मिळेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. अर्थशास्त्राबरोबर मराठी घेतलं आणि सालेहाला सांगितलं नाही.

कोणी मिळालं नाही. कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात सूचना लागली: सहा पेपरांचा वर्ग होणार नाही. सालेहाने तिला जिन्यात गाठलं.

"नऊच राहिलो. मला इतिहास घ्यावा लागला."

"सासऱ्यांनी सांगितलं गं. माझा इलाज नव्हता."

"आधी बोलली असतीस तर दुसरी कोणी आणली असती मी."

"वाटलं, होईल काहीतरी."

"झालं ना. तुला दापोड्यात शाळा मिळाली. मला काय मिळालं, सांग."



साखरपुड्याला सालेहा आली. मृणालीच्या आईने स्वतः फोन करून बोलावलं होतं. केसरीनाथ मांडवात सुनेला घेऊन पाहुण्यांमध्ये फिरत होते.

"आमची सून डबल बी.ए. करतेय. अख्ख्या दापोड्यात दुसरी न्हाय."

"मीपण डबलच करतेय, काका," शेजारी उभी असलेली सालेहा म्हणाली. "हिच्यामुळेच."

"वा! बघा, हिचं बघून मैत्रीनपन शिकतेय." केसरीनाथ मनापासून खूश झाले. "मंग तूपन ये आमच्या शालेत. जागा हाय."

"नक्की येते," सालेहा म्हणाली.

ती पंगतीला बसली, नीट जेवली, निघताना मृणालीच्या आईला सांगून निघाली. मृणाली स्टेजवरून बघत होती. फोटोवाल्याने तिला मान इकडे करायला सांगितली.