टोप्या काढा, मी येतोय

मी ट्रॉम्बोन बोलतोय. बोलतोय कसला, भोकाड पसरतोय. हळू आवाजात गोड बोलणं मला जमत नाही. फुंकायचं पितळी वाद्य मी; न्यू ऑर्लीन्सच्या त्रेमे या काळ्यांच्या वस्तीत लोकांच्या थुंकीवर जगलो, अगदी शब्दशः. किळस येत असेल तर पियानो ऐका.

आमच्याकडे अंत्ययात्रेत बँड वाजतो, आणि त्यात मी नेहमी पहिल्या रांगेत असतो. मान म्हणून नव्हे. माझी सरकती नळी पुढच्याच्या टाळक्यात बसते म्हणून. त्यामुळे पोलिसांची काठीही आधी मलाच भेटते. माझ्या कर्ण्याला पोचा पडला आणि मला तेव्हा वाजवणारा ओडीलचा बाप, त्याचे पुढचे दात पडले, ते एकाच फटक्यात. दातांवाचून मला फुंकता येत नाही, म्हणून मी ओडीलकडे आलो. पोरगी विशीतली, तोंड माझ्याहून मोठं.

बँडमधल्या म्हाताऱ्यांना मुलगी नको होती. पण दुसरा ट्रॉम्बोनवाला मिळेना आणि जुलैच्या उकाड्यात प्रेत थांबत नाही.

प्रेत एव्हारिस्तचं. आमचा क्लॅरिनेटवाला. ट्राममध्ये गोऱ्यांच्या बाकावर बसला म्हणून पोलिसांनी त्याला ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी मेलेला परत दिला. म्हणे जिन्यावरून पडला.

त्या ठाण्याला जिनाच नाही.

स्मशानाचा रस्ता नेमका त्याच ठाण्यावरून. नुमाकाका बँडचे म्होरके, छातीवर झालरीचा पट्टा. निघण्याआधी त्यांनी ओडीलला बाजूला घेतलं.

"घोषणा नाहीत. फलक नाहीत. उडत्या चालीचं तर नावच नको, ते पुरून झाल्यावर. ठाण्यासमोर फक्त संथ प्रार्थना."

"जाता जाता त्यांच्या पायाही पडू का, काका?"

"जीभ आवर. तुझ्या वयाची किती पोरं मी पोचवलीत, ठाऊक आहे?"

"म्हणून तर विचारतेय. अजून किती पोचवायचीत?"

काकांनी छातीवरचा पट्टा सरळ केला. "फक्त प्रार्थना," ते पुन्हा म्हणाले.

"बरं."

ओडील 'बरं' म्हणाली की मला धडकी भरते.

प्रार्थनेची चाल अशी असते: पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. वेग पहिली रांग ठरवते. मागचा ढोल, त्यामागची शवगाडी, सगळे तिच्या तालावर. शवगाडी ठाण्याच्या दारासमोर आली आणि ओडीलने माझा सूर असा ताणला की उचललेली पावलं खाली येईनात. अख्खी अंत्ययात्रा जागच्या जागी डुलू लागली.

आता आमच्या गावची रीत. शवगाडी समोरून पुढे सरेपर्यंत डोक्यावर टोपी ठेवायची नाही. बघणारा काळा असो, गोरा असो, की मारणारा असो. दारातल्या पोलीस कप्तानाने टोपी काढली. वर ऊन, खाली टक्कल. प्रार्थना संपली. ओडीलने ती पहिल्यापासून धरली, आणखी संथ. टक्कल उकडलेल्या झिंग्यासारखं लालबुंद झालं. आवाज ऐकून आतले शिपाई बाहेर आले आणि एकेक करून तेही बोडके झाले. एव्हारिस्त जिवंत असताना यांतला कुणी त्याच्या साध्या नमस्कारालाही मान हलवत नव्हता.

"अरे, चला की पुढे!" कप्तान खेकसला.

नुमाकाका मागे वळले. आता हे मला ओडीलच्या हातातून हिसकावणार, असं मला वाटलं. काकांनी कप्तानाच्या टकलाकडे पाहिलं. मग शवपेटीकडे.

"साहेब, प्रार्थना चालू आहे," ते म्हणाले. "मयताला घाई करू नये."

आणि गुडघेदुखीने बेजार काका एक पाय हवेत धरून उभे राहिले.

पुरून आल्यावर जॅझ असं उधळलं की ओडीलचा बाप बोळक्या तोंडाने नाचत होता.

आता मी बँडच्या सभागृहात काचेच्या कपाटात आहे. पाहुणे म्हणतात, "जॅझ म्हणजे किती आनंदी संगीत!" माझी नळी अडकलेली नसती तर मी उत्तर दिलं असतं.

मला चमकवू नका. पोचा ठोकून सरळ करू नका. नळीत थोडं तेल तेवढं घाला. आणि पुन्हा कुणी नसलेल्या जिन्यावरून पडला, तर मला बाहेर काढा. पहिल्या रांगेत.

आणि सावकाश चाला.