वरची रेघ

त्रिशूरच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात सव्वीस वर्षं किरणांचं माप राधामणीच्या हातचं. पेशंटला किरण द्यायच्या आधी ती प्लास्टिकचा ठोकळा टेबलावर ठेवायची, तेच किरण त्याच्यावर सोडायची आणि आतल्या मापकाचा आकडा बरोबर आला की सही करायची. तिची सही नाही तर किरण नाही.

मग त्याच कामावर जिन्सी आली. वय सत्तावीस, जिभेवर साखर. यंत्र स्वतःच सगळं लिहून ठेवतं, ती म्हणाली. किरणांना आकार देणाऱ्या पट्ट्या कोणत्या क्षणी कुठे होत्या, टेबल किती उंचीवर होतं, सगळं. ती नोंद तपासली की दहा मिनिटांत काम. विभागप्रमुख डॉक्टर कुरियन खूश. चहाबरोबर पळंपोरी आली की पहिली बशी आता जिन्सीपुढे. राधामणीच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं काही केळ्याच्या भज्यांचं नव्हतं.

बुधवारी अन्नम्माचे किरण सुरू व्हायचे होते. घशात गाठ, तीन आठवडे रांगेत थांबलेली बाई. जिन्सीच्या नोंदीत सगळं ठीक होतं. राधामणीनं ठोकळ्यावर मोजलं, तर आकडा चुकला. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला.

"चोरालाच विचारायचं होय, चोरी केलीस का म्हणून?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "यंत्र स्वतःची लबाडी लिहून ठेवील?"

यंत्र तपासायचं म्हणजे आठवडा गेला. डॉक्टरांनी अन्नम्माला घरी जायला सांगितलं. बाई बाकावरची पिशवी आवरू लागली.

जिन्सी आत गेली आणि पाच मिनिटांनी राधामणीजवळ आली. "चेची," मोठ्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली, "पुन्हा एकदा मोजू या का दोघी? तुम्ही ठोकळ्यावर मोजलंत त्या वेळच्या नोंदीत टेबल नेहमीपेक्षा एक सेंटिमीटर खाली दिसतंय."

राधामणीचा चेहरा उतरला. ठोकळ्यावर दोन रेघा, खालची खरी. सकाळी लेसरचा प्रकाश रेघेवर जुळवताना तिचं लक्ष काचेपलीकडे होतं, जिन्सीशी हसत बोलणाऱ्या डॉक्टरांकडे. तिनं वरची धरली. नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी बजावायची ती हीच चूक.

"कुणाला कळायचं नाही," जिन्सी म्हणाली. "मापक नीट बसला नव्हता, असं सांगू."

टोमणा मारला असता तर राधामणीनं चार परत दिले असते. पण ही सांभाळून घेणार? हुशारी हिची, डॉक्टर हिचे, आणि आता मोठं मनही हिचंच?

ती तडक डॉक्टरांकडे गेली. "बाईला थांबवा. यंत्र ठीक आहे. ठोकळा मी चुकीच्या रेघेवर लावला होता. तासाभरात पुन्हा मोजून देते."

डॉक्टर बघतच राहिले. "मग लक्षात कसं आलं?"

एक नाव घ्यायचं होतं, बस. ते काही केल्या तोंडातून निघेना.

"माझं मलाच आलं," राधामणी म्हणाली.

मागे दारात जिन्सी उभी होती. तिनं ऐकलं आणि ती अन्नम्माला हाक मारायला गेली. राधामणीला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.