खुंटी क्रमांक तेवीस

डोंगरी कोस्टरचं गणित डेल्फिया हॅटमेकरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात वेळा केलं होतं. सातही वेळा उत्तर तेच आलं: गाडी चालेल. आई मानेल का, हे मात्र कुठल्याच समीकरणात बसत नव्हतं.

डेल्फियाने एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये भौतिकशास्त्र शिकवलं होतं. उतार, वळणं आणि घर्षण हे तिचं रोजचं काम. दोन माणसांची गाडी रुळावरून तारेने डोंगरमाथ्यावर ओढली जाणार आणि तिथून हातातल्या ब्रेकवर, झाडांमधून, तीन मिनिटं चाळीस सेकंदांत खाली येणार. तिच्या भावाला, आर्विलला, आत्ताच पर्यटकांची रांग दिसत होती. नॉक्सव्हिलचे लॉकबी नावाचे गृहस्थ भांडवल घालायला तयार होते. मोटारी धुण्याच्या धंद्यात त्यांनी बरंच कमावलं होतं.

"झाडं चालतील, अस्वलं चालतील," लॉकबी फोनवर म्हणाले होते. "जागेची भानगड मात्र चालणार नाही. रविवारी चर्च झालं की येऊन बघतो."

डोंगर आईच्या नावावर होता, आणि एकोणनव्वद वर्षांच्या आईची एकच अट होती.

"मला इरापाशी नेणार असाल तर सही करते. नाहीतर माझा डोंगर आहे तसा बरा आहे."

इरा म्हणजे डेल्फियाचे वडील. ते माथ्यावरच्या घरच्या दफनभूमीत होते. जूनच्या दुसऱ्या रविवारी सगळे हॅटमेकर कबरी झाडायला आणि फुलं वाहायला वर चढत, आणि खाली येऊन एकत्र जेवत. आईचे गुडघे गेल्यापासून गेली तीन वर्षं ती पायथ्याशीच घडीच्या खुर्चीत बसून तळलेल्या चिकनवरच्या माश्या हाकलत असे. पुतण्यांनी उचलून न्यायची तयारी दाखवली होती.

"चौघं मला उचलतील ते एकदाच," ती म्हणायची, "आणि तेव्हा मला काही दिसायचं नाही. जिवंतपणी जाईन ती बसून जाईन."

म्हणून कोस्टर. आर्विलसाठी तो धंदा होता. डेल्फियासाठी आईला चारशे फूट वर नेण्याची ती एक पद्धत होती, जरा महागडी.

मार्चमध्ये मोजणीदार आला आणि खांबांच्या जागी लाकडी खुंट्या ठोकून गेला. अडुसष्ट खुंट्या, प्रत्येकीला गुलाबी फीत आणि प्रत्येकीवर आकडा. पायथ्याशी एक, माथ्यावर अडुसष्ट. लॉकबी येणार तो जूनचाच दुसरा रविवार आहे, हे भावंडांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

त्या रविवारी डेल्फिया बीन्सचं पातेलं घेऊन पोचली तेव्हा माणसं वरून खाली यायला लागली होती. तिने डोंगराकडे पाहिलं आणि पातेलं खाली ठेवलं. अडुसष्टच्या अडुसष्ट खुंट्यांपाशी फुलं होती. काहींभोवती गवत कापून पांढरे गोटे मांडले होते.

"लोरीन," ती चुलतबहिणीला म्हणाली, "हे काय केलंत?"

"आम्ही काय केलं? तू सांगायचं नाही होय?" लोरीनचे डोळे लाल होते. "एवढी आपली माणसं डोंगरभर पडलीत आणि आम्हाला पत्ता नाही. मागच्या वर्षी विद्यापीठाच्या लोकांनी चर्चमागच्या निनावी कबरी शोधल्या, तेव्हा अश्शाच खुंट्या ठोकल्या होत्या. तूच बोलावलंस ना त्यांना?"

"हे कोस्टरचे खांब आहेत."

"मग वयं कशाला लिहिलीत?"

"वयं?"

"एक, दोन, तीन. सगळी तान्ही पोरं खाली. म्हातारी वर."

"लोरीन, वयाच्या क्रमाने माणसं पुरतात का?"

"हॅटमेकर पहिल्यापासून नीटनेटके," मागून कुणीतरी म्हणालं.

डेल्फियाने वर्गात याहून वाईट उत्तरं ऐकली होती, पण ती देणारे पंधरा वर्षांचे असत.

तेवढ्यात लॉकबींची गाडी आली. ते उतरले, त्यांनी डोंगराकडे पाहिलं आणि हॅट काढली. ओठ हलवत त्यांनी मोजायला सुरुवात केली. पस्तिसाव्याला ते थांबले.

"आर्विल, ही सगळी तुमचीच?"

"खांब आहेत हो ते."

"सत्तावन्न म्हणजे आमची पणजी," एक बाई ठामपणे म्हणाल्या.

"बाई म्हणतायत पणजी आहे," लॉकबी म्हणाले. "मी कुणाच्या पणजीवरून गाडी नेत नसतो. माझी आई मला घरात घेणार नाही."

आर्विलने गयावया केली. डेल्फियाने वही उघडून आराखडा दाखवला. लोकांनी तो पाहिला आणि म्हणाले, बघा, कबरी किती सुंदर वळणात आहेत.

"कोण कुठे आहे ते सांगायला माणूस लागतं," खुर्चीतून आई म्हणाली. "कागद कशाला? अठरा वर्षांची होते तेव्हापासून हा डोंगर मी झाडलाय."

ते खरंच होतं.

"मग सांगा ना, काकू," लोरीन म्हणाली.

"इथून दिसतं का मला? न्या."

"उचलून?" डेल्फियाने विचारलं.

"साक्षीला चाललेय मी. ते वेगळं."

चार पुतण्यांनी खुर्चीचे चार कोपरे धरले. आधी त्यांनी तिला पायवाटेने थेट माथ्यावर नेलं, कारण मोजणी वरूनच सुरू होईल असं तिने सांगितलं. इराच्या कबरीपाशी तिने खुर्ची टेकवायला लावली आणि सगळ्यांना हाताने मागे सारलं. तरी डेल्फियाला ऐकू आलं.

"उशीर झाला," आई दगडाला म्हणाली. "पोरं माझ्यासाठी रेल्वे टाकत होती."

पुतण्यांचा दम परत आला. मग तिने बोट दाखवलं आणि खुर्ची अडुसष्टकडे निघाली.

"इथे कुणी नाही."

सदुसष्ट. "इथेही नाही." सत्तावन्नला तिने पणजीला तिच्या खऱ्या जागी, कुंपणाआत पाठवलं. फुलं हातात घेऊन माणसं मागून चालत होती. खुर्ची वळणांवर कलत होती आणि आई बाहेरच्या बाजूच्या पुतण्याला सांगत होती, "डेन्व्हर, वर धर. सांडेन मी." लॉकबी हॅट छातीशी धरून शेवटी होते. चाळीसच्या आसपास त्यांनी ती डोक्यावर ठेवली.

"इथे वेग किती?" त्यांनी डेल्फियाला विचारलं.

"ताशी बावीस मैल."

"खुर्चीचा नव्हे हो."

"खुर्चीचा पाऊण मैल. बावीस गाडीचा."

तेविसाव्या खुंटीपाशी लोरीन आधीच जाऊन उभी होती. तिथे काचेच्या बरणीत पांढरी फुलं होती. बरणी सगळ्यांच्या ओळखीची होती. लोरीनच्या वडिलांचा आणि इराचा धाकटा भाऊ, क्लेल, तेविसाव्या वर्षी घरातून निघून गेला आणि त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. लोरीनचे वडील दर वर्षी एक बरणी जादा आणत आणि जागा नाही म्हणून कुंपणाच्या खांबाशी ठेवत. ते गेल्यावर लोरीन आणू लागली.

आईने खुंटीकडे पाहिलं, मग लोरीनकडे.

"इथलं मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

डेल्फियाने तोंड उघडलं. मार्चमध्ये ही खुंटी ठोकताना वीतभर खाली खडक लागला होता. मोजणीदाराने शिव्या दिल्या होत्या. इथे मांजरसुद्धा पुरता आलं नसतं, आणि तसं तिच्या वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं.

"डेल्फिया," आई म्हणाली, "हा खांब जरा सरकतो का?"

"किती?"

"लोरीनला बसता येईल एवढा."

डेल्फियाने वही गुडघ्यावर ठेवली. तेवीस सरकला की बावीस आणि चोवीसही सरकणार. वळण आवळणार, वेग कमी करावा लागणार.

"अकरा फूट," ती म्हणाली. "खाली यायला चार सेकंद जास्त लागतील."

"चार सेकंद जास्त मिळाले म्हणून कुणी पैसे परत मागत नाही," लॉकबी म्हणाले.

उरलेल्या बावीस खुंट्यांपाशी कुणीच नव्हतं. पायथ्याशी पुतणे गवतावर आडवे झाले. आईने केकच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली.

"आता तर जाऊन आलीस ना वर," आर्विल म्हणाला.

"पुढच्या वर्षी यांच्या कमरा असतील कशावरून?" ती म्हणाली आणि चिकन मागितलं.

डेल्फियाने खुंटी तेवीसची ओळ खोडून नवं माप लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता. कारण न लिहिणाऱ्या मुलांचे तिने एकतीस वर्षं गुण कापले होते. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: जागा रिकामी नाही.